रोजच्या नोंदीचा इतिहास कसा होतो?

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत जेवढी वर्दळ झाली, तेवढी त्याआधी कित्येक दशकांत झाली नसेल. ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठा आरक्षणाच्या मागणीवरून निजामकालीन कागदपत्रांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हे नाव पारावरच्या गप्पांतही ऐकू येऊ लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही आणि जन्म-मृत्यूची नोंदवही तर तपासली गेलीच, पण कारागृहातील कच्च्या कैद्यांची आणि ताडीच्या परवान्यांची रजिस्टरेसुद्धा बस्त्यातून बाहेर आली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. या शोधामुळे अनेकांच्या मनात जो एक साधा प्रश्न आला, तो मात्र समजून घेण्यासारखा आहे. कुण्या पटवाऱ्याने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी, वरून मागणी आली म्हणून एखाद्या दुपारी खरडलेली ओळ आज इतकी मोलाची कशी ठरते? त्या दुपारी गावात सांगण्यासारखे काही घडलेले नव्हते. मग अशा दिवसाला इतिहासात जागा कशी मिळते?

गॅझेटियर वेगळे, नोंदवही वेगळी

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याची किंवा प्रांताची एकत्र करून छापलेली माहिती: पाऊस किती, पिके कोणती, बाजार कुठे भरतात, कोणत्या जातीचे लोक किती. त्यातले लोकसंख्येचे आकडे शिरगणतीवरून घेतलेले असतात. निजामाच्या राज्यात पहिली शिरगणती १८८१ साली झाली आणि पुढे दर दहा वर्षांनी होत राहिली. त्यामुळे गॅझेटियरमध्ये अमुक जिल्ह्यात अमुक समाजाचे इतके लोक होते, एवढेच सापडते. त्यात आपल्या पणजोबांचे नाव शोधायला निघालेल्या माणसाची निराशा ठरलेली आहे. नोंदवहीचे याच्या अगदी उलट असते. तिच्यात नाव असते, सर्व्हे नंबर असतो, कधी जात असते, कधी पीक असते; पण तो माणूस सोडून बाकीच्या जगात काय चालले होते, याचा तिच्यात मागमूस नसतो. गॅझेटियरमध्ये बेरीज आहे आणि माणूस नाही. नोंदवहीत माणूस आहे आणि बेरीज नाही. इतिहास लिहिणाऱ्याला या दोन्हींच्या मध्ये उभे राहून काम करावे लागते.

ज्यातून भूतकाळाची माहिती मिळते, त्या कोणत्याही वस्तूला किंवा कागदाला इतिहासाचे ‘साधन’ म्हणतात. ही साधने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पुढच्या पिढ्यांनी वाचावे या हेतूने काही साधने निर्माण केली जातात. राजाची प्रशस्ती, बखर, आत्मचरित्र ही त्यांची उदाहरणे. बाकीची त्या दिवसाचे काम उरकण्यापुरती तयार होतात. हिशेब, पावती, हजेरीपट, पंचनामा ही त्या जातीची. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी या दुसऱ्या प्रकारच्या साधनांना विशेष महत्त्व दिले, कारण ती न ठरवता साक्ष देतात. बखरकाराला ठाऊक असते की कोणीतरी वाचणार आहे, आणि म्हणून तो काय सांगायचे व काय झाकायचे हे ठरवूनच लेखणी उचलतो. पिकाच्या रकान्यात ‘जवारी’ लिहिणाऱ्या पटवाऱ्याला शंभर वर्षांनंतरच्या आपल्यासारख्यांची पर्वा नव्हती, आणि त्याच्या बेपर्वाईमुळेच त्याची साक्ष पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

मराठवाड्याच्या प्राचीन इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा अशाच कामचलाऊ लिखाणातून हाती आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर असल्याचे नमूद आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून जाडेभरडे कापड व मलमल येते, असेही त्यात सांगितले आहे. लिहिणाऱ्याच्या लेखी हा माल कुठे काय मिळतो याचा तपशील होता. आज मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचे तेर कोणत्या व्यापारी साखळीत गुंफले गेले होते, हे सांगताना त्या ओळी प्रथम आठवतात. त्या ओळींना जमिनीतून मिळालेला पुरावाही तेरमध्येच जमा झाला. पाऊस पडून गेल्यावर पांढरीच्या टेकाडांवर मणी, नाणी आणि भाजलेल्या मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षे गोळा केल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. त्या बाहुल्यांपैकी अनेक त्या काळच्या घराघरांतल्या वापराच्या वस्तू होत्या, हे तिथली कपाटे पाहताना लक्षात ठेवलेले बरे.

एका ओळीने इतिहास होतो का?

होत नाही. एका ओळीने पुरावा होऊ शकतो, दाखला मिळू शकतो, कदाचित खटलाही जिंकता येतो. अर्थ मात्र ती ओळ शेजारच्या ओळींबरोबर वाचल्यावर उमटू लागतो.

मृत्यूची नोंदवही घ्या. एका माणसाच्या नावापुढे कारण म्हणून ‘ताप’ लिहिलेले असेल, तर त्यातून त्या घराचे दुःख कळते, याहून अधिक काही कळत नाही. परंतु १९१८ च्या पावसाळ्यानंतरच्या काही आठवड्यांत पानामागून पान ‘ताप’ हाच शब्द येत असेल आणि मरणाऱ्यांत म्हातारे कमी व ऐन विशी-तिशीतले जास्त असतील, तर आपण जगभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीसमोर उभे असतो, कारण तरण्याताठ्यांना गाठणे हे त्या साथीचे ओळखीचे लक्षण होते. आता याच्या शेजारी शिरगणतीची बेरीज ठेवून पाहा. १९११ साली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ साली ती सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढायची सोडून घटली. साथ आणि त्याच सुमारास पडलेला दुष्काळ या दोहोंचा तो एकत्रित हिशेब होता. नोंद करणाऱ्याला जागतिक साथ वगैरे काही माहीत असण्याचे कारण नव्हते. तो फक्त रकाना भरत होता.

रोजच्या दिवसाचा ऐतिहासिक अर्थ लावणे म्हणजे हेच: नोंदीला तिच्या रांगेत ठेवणे, ती रांग दुसऱ्या रांगेशी ताडून पाहणे आणि लिहिणाऱ्याला जे दिसणे शक्य नव्हते ते पाहणे. कुणबी नोंदींच्या शोधात लाखो पाने उलटली गेली, पण बहुतेक पानांतली एकच ओळ उपयोगाची ठरली आणि बाकीचे पान मिटले गेले, याची हळहळ वाटते. शोधणाऱ्यांचा त्यात दोष नाही. त्यांना नेमून दिलेले काम तेवढेच होते.

काळ एकाच वेगाने सरकत नाही

फर्नांड ब्रोदेल या दुसऱ्या फ्रेंच इतिहासकाराने काळाचे तीन वेग मानले. ते समजायला विहिरीचे उदाहरण सोयीचे आहे. आपल्याकडे विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली कातळ. माती दरवर्षी नांगरली जाते, मुरूम क्वचितच हलतो आणि कातळ जिथल्या तिथे असतो. पाणी मात्र लागेल की नाही, हे तिन्ही मिळून ठरवतात. घटना म्हणजे वरची माती, काही दशकांत होणारे बदल म्हणजे मुरूम आणि भूगोल, हवामान, पीकपद्धती यांसारख्या शतकानुशतके टिकणाऱ्या गोष्टी म्हणजे कातळ.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातील शाळेचा हजेरीपट या तिन्ही थरांतून वाचता येतो. दसरा-दिवाळी उलटली की पटावरची काही मुले गैरहजर दिसू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा हजर होतात. वर्गशिक्षकांच्या दृष्टीने ती त्या महिन्याची गळती असते. सगळ्यात वरच्या थरात ती एका कुटुंबाची हकीकत असते: मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीत निघालेला, आणि घरी सांभाळायला कोणी नसल्याने लेकरे बरोबर नेलेली. त्याच शाळेचे चाळीस-पन्नास वर्षांचे हजेरीपट ओळीने मांडले, तर मधला थर दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात १९५० पासून सहकारी साखर कारखाने उभे राहत गेले, उसाला तोडणारे हात लागू लागले, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा कणा मोडला, आणि हंगामी स्थलांतर ही अडचणीच्या वर्षातली तडजोड न राहता दरवर्षीची रीत होऊन बसली. पालकांच्या माघारी मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे ही रीत किती पक्की झाली, याची सरकारी कबुलीच आहेत.

सगळ्यात खालचा थर हजेरीपटात कुठेही लिहिलेला नसतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा प्रदेश, बालाघाटाचे माळरान, काळ्या पाषाणाचा तळ आणि उन्हाळ्यात तळ दाखवणाऱ्या विहिरी यांना तारीख नसते. तरीही चौथीतल्या एका मुलीच्या नावापुढे मार्गशीर्षात आलेली गैरहजेरीची खूण या तिसऱ्या थरापर्यंत पोचते. मुलीला शाळेची आवड नाही, असे म्हणून जो थांबतो, त्याने फक्त माती उकरली.

‘पण जुन्या नोंदी तर चुकीच्या असतात’

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो खोटा नाही. मात्र चुकीची नोंद निरुपयोगी असते, हे गृहीतक तपासून पाहायला हवे.

महाराष्ट्रात एका विशिष्ट वयापुढच्या माणसांना जन्मतारीख विचारा. १ जून हे उत्तर संशय यावा इतक्या वेळा ऐकू येईल. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, दाखल होताना मुलाचे वय पूर्ण भरलेले लागे, आणि आईवडिलांना तारीख सांगता येत नसे. मग मुख्याध्यापक अंदाजाने साल धरत आणि पुढे १ जून टाकून देत. जन्मतारीख म्हणून ही नोंद खोटी आहे. शाळेच्या आणि गावाच्या संबंधाविषयी मात्र ती पुष्कळ खरे सांगते. घरात जन्म लिहून ठेवायची पद्धत नव्हती. शाळेला मात्र वयाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नव्हती. आणि त्या दोघांच्या मध्ये मुख्याध्यापकांनी एक काम चालवून नेणारा तोडगा काढला होता. एका नोंदवहीत १ जून ही तारीख किती जणांपुढे आहे आणि कोणत्या सालापासून ती कमी होत गेली, हे मोजले, तर त्या गावात जन्म लिहून ठेवण्याची सवय कधी रुजली, याचा अंदाज बांधता येतो. खऱ्या तारखांवरून तो इतक्या सहज बांधता आला नसता.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र मुलाचा जन्म आठवत नसे, असे नाही. ‘रझाकाराच्या साली झाला’, ‘पोलीस अॅक्शन झालं त्याच्या पुढच्या पोळ्याला’, ‘मिलो खाल्ला त्या वर्षी’, अशी उत्तरे येत. कागदावरच्या गोल तारखेपेक्षा ही उत्तरे कित्येकदा अधिक अचूक असतात. हैदराबाद संस्थानावरची कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत झाली, म्हणजे तिच्या पुढचा पोळा १९४९ च्या श्रावण अमावास्येचा. तांबड्या मिलोचे, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीचे, दिवस १९७२ च्या दुष्काळाचे. लोकांनी आपल्या घरातला लहानसा प्रसंग मोठ्या घटनेच्या खुंटीला टांगून ठेवला होता. घटनेचा आणि रोजच्या जगण्याचा सांधा जोडण्याचे जे काम इतिहासकार करतो, ते त्यांनी आधीच करून ठेवलेले असते.

काही चुका तर चुका नसतातच. आपले वाचन कमी पडलेले असते. निजामाच्या राज्यात १८८४ नंतर कारभाराची भाषा उर्दू होती, गावपातळीवर मोडीचाही वापर होता, आणि कालगणना फसली सनाची होती. फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्यात ५९० मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. पण जानेवारी उजाडला की ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे १३५७ फसली हे साल ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झाले आणि हैदराबाद संस्थान भारतात आले ते त्याच सालाच्या अखेरीस. सरसकट ५९० मिळवणाऱ्याला दोन कागदांत एक वर्षाचा फरक दिसतो आणि तो कागदच बनावट ठरवून मोकळा होतो. रकमेचेही तसेच आहे. संस्थानाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया यांची किंमत एक नव्हती; सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये. शेतसाऱ्याच्या किंवा कर्जाच्या दोन रकमांची तुलना करण्याआधी नाणे कोणते, हे पाहिले नाही, तर अख्खा निष्कर्ष घसरतो.

ज्यांच्या नावाची ओळच नाही, त्यांचे काय?

हा आक्षेप आधीच्यापेक्षा अवघड आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. खासरा पत्रकात जमीनधारक आणि कूळ येते. ज्याच्याकडे जमीन नाही, तो सालगडी येत नाही. स्त्रिया आल्याच तर बहुतेक वारसाच्या रकान्यात, कोणाची तरी बायको किंवा कोणाची तरी आई म्हणून येतात. पालावर राहणाऱ्या भटक्यांची नावे शेतीच्या दप्तरापेक्षा पोलिसांच्या दप्तरात सापडण्याची शक्यता अधिक, आणि तिथे ती संशयित म्हणून लिहिलेली असतात. रोजच्या कागदांतून लिहिलेला इतिहास आपोआप सामान्यांचा होतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ज्याच्याकडून राज्याला काही वसूल करायचे होते किंवा ज्याच्यावर नजर ठेवायची होती, तोच प्रामुख्याने कागदावर चढला.

यावर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे वेगळ्या कामासाठी तयार झालेले कागद शोधणे. १९७२-७३ च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख मजूर अशा कामांवर होते. प्रत्येक कामाचे मस्टर होते. त्या मस्टरमध्ये बाईचे नाव वेगळ्या ओळीत येई, त्यापुढे हजेरीच्या खुणा, मजुरीची रक्कम आणि अंगठा. मतदार यादी सोडली, तर मराठवाड्यातल्या असंख्य बायांचे नाव कष्टकरी म्हणून स्वतंत्रपणे नोंदवणारा असा कागद त्याआधी फारसा नव्हता. गावातली सोनं-नाणं असलेली आणि नसलेली, दोन्ही घरची माणसे एकाच मस्टरवर आली, हे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. दुष्काळी कामांवर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या रांगेत उभे राहताना अशा घरच्या माणसांना वाटलेला संकोच कोणत्याही अहवालात नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या दुष्काळाने बळ दिले. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा होताना महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. खडी फोडून संध्याकाळी अंगठा उठवणाऱ्या बाईला आपण एका कायद्याच्या पूर्वपीठिकेत आहोत, असे वाटण्याचे कारण नव्हते; पण कामाची मागणी किती खरी आहे, हे त्या अंगठ्यांच्या संख्येनेच दाखवून दिले.

दुसरी वाट कागदाबाहेरची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सुरू केलेल्या उपक्रमात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. दळण हे रोजचे, पहाटेचे, कोणी दखल घेऊ नये असे काम. त्या कामात गुंतलेल्या बाईला राजकारणातले काय ऐकू आले, काय पटले आणि कशाचा अभिमान वाटला, हे सभांच्या इतिवृत्तांत मिळत नाही. ओवी तारीख सांगत नाही आणि तोंडोतोंडी जाताना बदलते, ही तिची मर्यादा आहे. म्हणून तिला खासरा पत्रकाचे प्रश्न विचारू नयेत.

मग प्रत्येक कागद जपायचा का?

शक्य नाही. सरकारी कार्यालयांत अभिलेखांची प्रतवारी ठरलेली असते: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क’ वर्ग १० वर्षे आणि ‘ड’ वर्ग जेमतेम एक वर्ष. मुदत संपलेले कागद बाहेर काढून नष्ट करण्याला निंदणीकरण म्हणतात. ते झाले नाही, तर अभिलेख कक्षात पाय ठेवायला जागा उरणार नाही. अडचण अशी की ही प्रतवारी प्रशासनाच्या गरजेवर ठरते. जमिनीचा हक्क सांगणारा कागद राहतो. कोणी किती दिवस कामावर आले, कोणाला किती धान्य मिळाले, कोणाचे मूल कधी गैरहजर होते, असे सांगणारा कागद लवकर जातो. म्हणजे घराण्याचा आणि जमिनीचा इतिहास लिहायला पुढच्या पिढीला साधने मिळतील, कष्टाचा आणि भुकेचा इतिहास लिहायला मात्र कमी मिळतील. निंदणीकरण करण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातून अशा नोंदवह्यांचे काही नमुने निवडून कायम ठेवावेत, ही मागणी आरक्षणाच्या कोणत्याही बाजूच्या माणसाला करता येण्यासारखी आहे. सध्या जुने दप्तर उघडलेलेच आहे आणि त्याच्या प्रतिमा घेतल्या जात आहेत, तेव्हा तिला वेळही हीच आहे.

घरच्या पातळीवर काम सोपे आहे. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन करू नये. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावा. फोटोमागे माणसांची नावे, गाव आणि निदान अंदाजे साल पेन्सिलने लिहावे. सावकाराची पावती, आडतीची पट्टी, आजीच्या दवाखान्याचा केसपेपर, बियाण्याचे बिल यांतले काय ठेवावे असा प्रश्न पडला, तर ज्यावर तारीख, ठिकाण आणि रक्कम या तिन्ही गोष्टी आहेत, त्याला अग्रक्रम द्यावा. आणि तहसीलमध्ये आपल्या घराण्याची नोंद सापडलीच, तर मोबाइलने तेवढ्या एका ओळीचा फोटो काढून निघू नये. रकान्यांची नावे दिसतील असा पानाचा मथळा, नोंदवहीचे मुखपृष्ठ, ती ओळ असलेले पूर्ण पान आणि त्याच्या आधीचे व नंतरचे पान, इतके सगळे परवानगी घेऊन टिपावे, कारण शेजारच्या शेतात त्या साली काय पेरले होते, हे आपल्याला त्या दुसऱ्या पानावरूनच कळणार असते.